मला नापास करण्याबाबत

दिनांक : १७ नोव्हेंबर
वेळ : दुपारी ३ वाजून ४० मिनिटे

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी,
क्रेनचालक प्रशिक्षण व परीक्षा केंद्र,
पहिला मजला, खोली क्र. ९.

विषय : प्रशिक्षण यंत्र क्र. १ व क्र. २ मधील ग्राफिक्स कार्डांच्या कामगिरीतील तफावत पाहता, यंत्र क्र. २ वर उत्तीर्ण झालेल्या नऊ उमेदवारांची प्रमाणपत्रे उद्या सकाळी आठच्या आत स्थगित करणे व अर्जदारास नापास घोषित करणे याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ५ नोव्हेंबरचा अर्ज.
२) आपले दि. १० नोव्हेंबरचे उत्तर (सरासरी समाधानकारक असल्याचे).
३) मला दि. १३ रोजी मिळालेले ज्ञापन (स्टिकरचा कोपरा उचलल्याचे).
४) मालधक्का व्यवस्थापकांचे दि. १५ चे पत्र.

महोदय,

१. मी, परीक्षा क्र. १७, आपल्या केंद्राच्या गेल्या तुकडीत ९४ गुण मिळवून पहिली आले. प्रमाणपत्र आपण स्वतः माझ्या हातात दिले होते आणि असे उमेदवार केंद्राची शान असतात, असे चार लोकांत म्हणाला होतात. त्याच उमेदवाराने नापास होण्यासाठी अर्ज करावा, म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे मला कळते. आवक-जावक लिपिकांनीही मला ऐकवले, "अहो ताई, लोक पास व्हायला खेटे घालतात. तुमचं काहीतरी उलटंच." माझी आई तर दोन आठवडे एकच म्हण म्हणते आहे, दैव देतं नि कर्म नेतं. तरीही हा माझा दुसरा अर्ज आहे. तो आपण आजच, कार्यालय सुटण्यापूर्वी वाचावा, कारण उद्या सकाळी आठनंतर त्याचा काही उपयोग नाही.

२. आपली शाखा आस्थापनेची असल्याने मूळ गोष्ट थोडक्यात मांडते. केंद्रात खऱ्या क्रेनवर शिकवत नाहीत. केबिनसारखी खुर्ची, दोन दांडे आणि समोर मोठा पडदा अशी दोन यंत्रे आहेत. दांडा हलवला की पडद्यावरची क्रेन हलते. हे चित्र यंत्रातले ग्राफिक्स कार्ड काढते. चित्र हलते आहे असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात कार्ड दर सेकंदाला कित्येक स्थिर चित्रे एकामागून एक पडद्यावर टाकत असते. जितकी जास्त चित्रे, तितकी हालचाल खरी. यंत्र क्र. १ मध्ये जुने कार्ड आहे. यंत्र क्र. २ मध्ये दोन वर्षांपूर्वी घेतलेले, दोन पंख्यांचे नवे कार्ड आहे. तुकडीत आम्ही बावीस जण होतो. पहिले अकरा यंत्र क्र. १ वर शिकले आणि त्याच यंत्रावर परीक्षेला बसले. आम्ही उरलेले अकरा यंत्र क्र. २ वर. नवे यंत्र मिळाले म्हणून आम्ही तेव्हा पहिल्या अकरांना चिडवले होते. मीही चिडवले होते.

३. क्रेनचे अर्धे काम उचलण्याचे आणि अर्धे झोका मारण्याचे, म्हणजे थांबवण्याचे. वजन दोराला लटकते. केबिन पुढे निघाली की वजन मागे राहते, केबिन थांबली की ते पुढे झेप घेते. झोका टोकाला पोचून परतायच्या बेतात असतो, नेमक्या त्या क्षणी केबिन त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवायची. मग तो गप्प होतो. क्षण चुकला, आधी हात गेला, तर झोका कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. सारी विद्या या एका क्षणाची आहे.

पहिले दोन आठवडे आम्हा अकराही जणांना तो क्षण सापडेना. दांडा हलवावा तर चित्र जरा थांबूनच हलायचे. आम्हाला वाटले, खरी क्रेनही अशीच जड असणार. मास्तर म्हणायचे, "दोन नंबरवाल्यांचा हात जड आहे. घाम गाळा." आम्ही घाम गाळला. हळूहळू आम्ही चित्र दिसण्याची वाट पाहणे सोडून दिले आणि अंदाजाने, थोडा आधीच दांडा ढकलू लागलो. मग झोका मरू लागला. दोघे जण यात टिकले नाहीत आणि नापास झाले. बाकी नऊ जण पास झालो. माझा अंदाज सगळ्यांत पक्का बसला. मास्तर म्हणाले, "हिच्या मनगटात घड्याळ आहे." ते घड्याळ एक तृतीयांश सेकंद पुढे आहे, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हते आणि मलाही. नापास झालेल्या त्या दोघांचा हात मात्र शाबूत आहे. त्यांना पुढच्या तुकडीत घेतले जावे, असे मी या निमित्ताने सुचवते.

४. दि. ३ नोव्हेंबर रोजी मी मालधक्क्यावर रुजू झाले. पहिल्या दिवशी वजन देत नाहीत, रिकामा हूक फिरवायला सांगतात. केबिनमध्ये माझ्या मागे जुने चालक उभे होते. खाली, हूक उतरतो त्या जागी, इशारे देणारा एक माणूस असतो. तो हाताने दाखवतो आणि चालकाने त्याप्रमाणे करायचे. या मालधक्क्यावर गेली सव्वीस वर्षे इशारे देणारा तो माणूस म्हणजे माझे वडील. मुलीने वर बसावे म्हणून त्यांनीच मला आपल्या केंद्रात घातले.

मी केबिन नेली आणि थांबवली. हूक पुढे गेला. माझा हात शिकवल्याप्रमाणे गेला, म्हणजे आधी गेला. झोका वाढला. मी तो मारायला पुन्हा हात घातला आणि तो आणखी वाढला. मागचे चालक ओरडले, "सोड! दोन्ही हात सोड!" मी सोडले. तोवर हूक वडिलांच्या हेल्मेटला घासून गेला होता. हेल्मेट वीस पावलांवर जाऊन पडले. वडील वाकले म्हणून बचावले. सव्वीस वर्षांची सवय, हूक नुसता अंगावर येतोसा वाटला तरी ते वाकतात. उठल्यावर त्यांनी मला वर हात करून 'ठीक आहे' असा इशारा दिला. तो नियमातला इशारा नाही.

मला शिडी उतरायला दहा मिनिटे लागली.

५. माझाच हात वाईट असेल, असे मी आधी धरले. नाचता येईना अंगण वाकडे, असे कुणी म्हणण्यापूर्वी मीच स्वतःला म्हटले. दि. ४ रोजी सराव करायला केंद्रात आले. यंत्र क्र. २ वर नवी तुकडी बसली होती म्हणून मास्तरांनी मला यंत्र क्र. १ दिले. परीक्षेचाच प्रश्न, तेच खोके, तोच वारा. मला ४१ गुण पडले. पुन्हा बसले, ३८. तिसऱ्यांदा ४३. पन्नासच्या खाली नापास असते. मास्तर चष्मा पुसत राहिले. दुपारी यंत्र क्र. २ मोकळे झाले, तिथे बसले, ९५.

म्हणजे महोदय, म्हण माझ्या बाबतीत उलटी लागू पडते. अंगण वाकडे होते आणि मी त्यात नाचायला शिकले. आता सरळ अंगणात माझे पाय अडखळतात, आणि खरी क्रेन हे सरळ अंगण आहे.

६. दि. ५ रोजी मी अर्ज केला. त्यासाठी आपल्याकडे 'गुण कमी मिळाल्याबाबत' असा छापील फॉर्म आहे. गुण जास्त मिळाल्याबाबत फॉर्म नाही. लिपिकांच्या सांगण्यावरून मी 'कमी' खोडून 'जास्त' लिहिले. खाडाखोड असल्याने फॉर्म परत आला. मग मी साध्या कागदावर लिहिले, तर छापील फॉर्मशिवाय नोंद होत नाही असे उत्तर मिळाले. शेवटी मास्तरांनी आपल्या सहीने तो कागद आत सरकवला. मास्तरांवर यासाठी कारवाई होऊ नये. या केंद्रात माझे म्हणणे सर्वांत आधी त्यांनी ऐकले, आणि ऐकताना त्यांचा चेहरा उतरला होता.

७. त्यावर आपण दोन्ही कार्डांची पंधरा मिनिटांची तुलनात्मक चाचणी घेतलीत, याबद्दल मी खरोखर आभारी आहे. निष्कर्षात आपण लिहिले : जुने कार्ड, सरासरी साठ चित्रे दर सेकंदाला. नवे कार्ड, सरासरी पंचाहत्तर. सबब नवे कार्ड सरस असून तक्रार निकाली.

आकडे खरे आहेत. मी मिनिटवार तक्ता मागून घेतला, तोही खरा आहे. जुने कार्ड पंधराही मिनिटे साठवर आहे, एकदाही हललेले नाही. नवे कार्ड पहिली सात मिनिटे एकशे चाळीसवर आहे आणि उरलेली आठ मिनिटे अठरावर. सात वेळा एकशे चाळीस आणि आठ वेळा अठरा यांची बेरीज करून पंधराने भागल्यावर पंचाहत्तर येतात हे मी मान्य करते, पण नवे कार्ड पंचाहत्तरवर एकही मिनिट चाललेले नाही. ते आधी उत्तम चालते आणि मग मरगळते. एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवला तर सरासरी कोमट येते, म्हणून कुणी तसा उभा राहत नाही.

ही चाचणी सकाळी, यंत्र थंड असताना सुरू केली होती. यंत्र चालू झाले की सात मिनिटांत ते गरम होते आणि मग दिवसभर बंद होत नाही. म्हणजे तीन महिने, रोज, प्रत्येक तासाला आम्ही अठराच्या यंत्रावर शिकलो. परीक्षाही त्याच यंत्रावर दुपारी दोनला झाली. ती सात चांगली मिनिटे आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलेली नाहीत. ती झाडणाऱ्या मावशींनी पाहिली असतील.

शिवाय कार्ड दमले की चित्रे नुसती कमी होत नाहीत, ती रांगेत खोळंबतात. पडद्यावर दिसते ते आत्ताचे नसते, मघाचे असते. हे मी मोजले आहे. माझ्या मोबाइलमध्ये संथ चित्रीकरण होते, सेकंदाला दोनशे चाळीस चित्रे. माझा हात आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन, दांडा हलल्यापासून पडदा हलेपर्यंत मध्ये किती चित्रे जातात ती एकेक करून मोजली. जुने कार्ड, चौदा. नवे कार्ड, गरम झाल्यावर, ब्याऐंशी. सेकंदाचा तिसरा हिस्सा. आपल्याला हा वेळ फार वाटणार नाही. वडिलांना वाकायला तेवढाच मिळाला होता.

८. आता कार्ड का दमते, हेही सांगते, कारण कार्डाचा दोष नाही आणि मला त्याच्यावर खोटा आळ घ्यायचा नाही.

केंद्रातील प्रत्येक वस्तूवर जडवस्तू क्रमांक असतो. पूर्वीचे भांडारपाल तो ब्रशने, लाल रंगात, वस्तूच्या पाठीवर घालत. जुन्या कार्डावर तसा आहे. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक तपासणीत, क्रमांक शोधण्यासाठी वस्तू उलटसुलट करावी लागते असा शेरा आला. त्यानंतर आदेश निघाला की क्रमांक दर्शनी भागावर, तीन फुटांवरून वाचता येईल असा असावा. नवे भांडारपाल नियमाला चोख आहेत. त्यांनी तळहाताहून मोठे, प्लास्टिक चढवलेले स्टिकर छापून घेतले. यंत्र क्र. २ च्या पेटीला काचेची बाजू आहे आणि काचेतून कार्डाचा जो दर्शनी भाग दिसतो, तिथे कार्डाचे दोन पंखे आहेत. स्टिकर त्या पंख्यांच्या तोंडावर, कडेपासून कडेपर्यंत, सुबक चिकटवला आहे. क्रमांक तीन फुटांवरून वाचता येतो. मी वाचला आहे. पंखे त्याच्या आड फिरतात आणि त्यांना हवा मिळत नाही.

केंद्राच्या तंत्रज्ञांना हे दिसत नव्हते असे नाही. त्यांनी मला सांगितले, "दिसतंय हो मला. पण स्टिकर काढायचा अधिकार भांडाराचा." मी भांडारात गेले. भांडारपाल म्हणाले, "पेटी उघडायचा अधिकार तंत्रज्ञाचा. आणि स्टिकर निघाला की वस्तू बिनक्रमांकाची होते. बिनक्रमांकाची वस्तू म्हणजे माझ्या नोंदवहीत एक वस्तू गहाळ आणि तुमच्या खोलीत एक वस्तू जादा. दोन चौकशा लागतील." ते रागाने बोलले नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्चीही दिली. दोन वर्षे हा स्टिकर या दोघांच्या मध्ये असा अडकून आहे.

दि. १२ रोजी जेवणाच्या सुट्टीत तंत्रज्ञांनी पेटी उघडली, तो त्यांचा अधिकार. मी स्टिकर काढला नाही. त्याचा खालचा कोपरा तेवढा दोन बोटांनी उचलून धरला आणि तसाच पंधरा मिनिटे धरून ठेवला. नव्या कार्डाने पंधराही मिनिटे एकशे चाळीस चित्रे दिली. मोबाइलवर मोजलेली, मध्ये जाणारी चित्रे ब्याऐंशीवरून नऊवर आली. म्हणजे श्वास मिळाला तर नवे कार्ड जुन्यापेक्षा दुपटीहून सरस आहे, हे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. माझी बोटे मात्र पंधरा मिनिटांनंतर सरळ होईनात. हा उपाय कायमचा करण्यासाठी केंद्राला एक पद निर्माण करावे लागेल. त्यापेक्षा स्टिकर चार बोटे बाजूला लावणे सोपे आहे.

९. दि. १३ रोजी मला ज्ञापन मिळाले की शासकीय क्रमांकपट्टीचा कोपरा विनापरवानगी उचलल्याबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये. माझा खुलासा : कोपरा मी उचलला. तो पुन्हा पूर्वीसारखा दाबून बसवला आहे. करावी ती कारवाई करावी, फक्त त्या कारवाईत माझे प्रमाणपत्र रद्द करण्याची तरतूद असेल तर ती सर्वांत आधी करावी.

१०. दि. १४ रोजी दुसऱ्या एका यार्डात परीक्षा क्र. १४ हिच्या हातून भरलेले खोके झोका खाऊन उभ्या ट्रकवर आदळले. ट्रकची केबिन चेपली. ट्रकचालक पाच मिनिटांपूर्वी चहाला उतरला होता. परीक्षा क्र. १४ ही माझी मैत्रीण. यंत्र क्र. २ वर माझ्यानंतर तिचाच नंबर, तिला ९१ होते. यार्डाने चौकशी करून 'चालकाचा निष्काळजीपणा' असा शेरा मारला आणि तिला निलंबित केले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. मी तिला भेटायला गेले तर ती पलंगावर बसून हवेत दांडा ढकलत होती. मला म्हणाली, "मी नेहमीसारखंच केलं गं. अगदी नेहमीसारखंच." मी तिला स्टिकरचे सांगितले. ती आधी हसली आणि मग तिला रडू आवरेना. तिच्या शेऱ्याला कारण काय, हे आपल्या दप्तरात आहे, तिच्या यार्डाच्या दप्तरात नाही. ते तिकडे पोचवणे आपल्या हातात आहे.

११. मी दि. ३ नंतर मालधक्क्यावर वर चढलेले नाही. व्यवस्थापकांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "तुमच्याकडे वैध प्रमाणपत्र आहे, ९४ गुण आहेत. मला हा कागद दिसतो. केंद्राने कळवलं तर मी ऐकेन, तुमचं ऐकून मी काय करू?" दि. १५ च्या पत्राने त्यांनी कळवले आहे की दि. १८ रोजी, म्हणजे उद्या, सकाळी आठ वाजता भरलेली खोकी उतरवायची आहेत. मी चढले नाही तर माझी नेमणूक रद्द होईल आणि प्रतीक्षा यादीतील पुढचा उमेदवार चढेल.

उद्या मी चढणार नाही, हे मी ठरवले आहे. त्याने माझी नोकरी जाईल. पण त्याने वडील वाचत नाहीत, कारण प्रतीक्षा यादीतील पुढचा उमेदवार परीक्षा क्र. १९ आहे. यंत्र क्र. २, गुण ८८. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुला भीती वाटते म्हणून मी का घाबरू? मला वर्षभरानं काम मिळतंय." मी त्याला दोष देत नाही. माझी नेमणूक झाली तेव्हा मलाही कुणी असे सांगितले असते तर मी तेच म्हणाले असते.

वडिलांनी उद्या रजा घ्यावी म्हणून आईने आणि मी हरप्रकारे सांगून पाहिले. ते म्हणाले, "मी नाही उभा राहिलो तर दुसरा राहील. तोही कुणाचा तरी बापच आहे की." आणि हूक अंगावर येताना केव्हा वाकायचे हे आपल्याला तरी माहीत आहे, नव्या माणसाला माहीत नसेल, असेही म्हणाले.

१२. माझा हात सुधारावा म्हणून मी प्रयत्न केले नाहीत असे नाही. घरी मधल्या दाराच्या चौकटीला आडवी काठी बांधून तिच्यावर दोरीने अर्धी भरलेली बादली टांगली आहे. काठी सरकवायची आणि झोका मारायचा. दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ करते आहे. डोळ्यांना क्षण दिसतो, पण हात त्याच्या आधीच जाऊन आलेला असतो. फरशीवर पाणी सांडते. वडील फडक्याने पुसतात आणि बादली पुन्हा भरून टांगतात. मास्तर म्हणतात, हात मोडायला तीन महिने लागले तर तो जोडायलाही निदान दोन लागतील, आणि त्यासाठी चांगल्या यंत्रावर बसावे लागेल. मला बसायचे आहे. पण आपल्या नियम १२ नुसार उत्तीर्ण उमेदवारास पुन्हा प्रशिक्षण नाही आणि पुन्हा परीक्षाही नाही. नापास उमेदवारास एका महिन्याने दोन्ही आहे. म्हणून मला नापास व्हायचे आहे.

महोदय, मला हे काम आवडते. केबिन वर असते, चारी बाजूंनी उजेड येतो आणि खाली वडील बोटाएवढे दिसतात. मला ते काम हवे आहे. ९४ गुणांचा कागद आईने कपाटाच्या काचेला आतून लावला होता, तो काढताना मला वाईट वाटले. मी भित्री नाही आणि मला कुणी फितवलेलेही नाही. मला त्या केबिनमधून माझ्या हातून माणूस मारायचा नाही, एवढेच.

सबब विनंती की :

(अ) यंत्र क्र. २ वर उत्तीर्ण झालेल्या नऊही उमेदवारांची प्रमाणपत्रे आज स्थगित करून संबंधित यार्डांना फोनने कळवावे. लेखी आदेश मागाहून गेला तरी चालेल. मालधक्का व्यवस्थापक सायंकाळी सहापर्यंत जागेवर असतात. आपल्या टेबलावरच्या दूरध्वनीवरून त्यांचा क्रमांक लागतो. दि. ५ रोजी मास्तरांनी आपल्यासमोर लावून पाहिला होता, फक्त मग आपण त्यांना फोन ठेवायला सांगितलेत.

(ब) तांत्रिक अडचण असल्यास निदान परीक्षा क्र. १९ पुरते तरी आज कळवावे. नियमाप्रमाणे एकासाठी वेगळा आदेश काढता येत नसेल, तर तो माझ्या तक्रारीवरून काढला असे लिहावे. नंतर तक्रार खोटी ठरली तर शिक्षा मला करावी.

(क) अर्जदारास नापास घोषित करावे. गुण ४१, ३८ व ४३ यांपैकी आपण म्हणाल ते. सरासरीही चालेल.

(ड) परीक्षा क्र. १४ हिच्या यार्डास चाचणीचा मिनिटवार तक्ता पाठवून तिचा शेरा बदलण्याची शिफारस करावी.

(इ) नव्या कार्डावरील क्रमांकपट्टी पेटीच्या बाहेरच्या बाजूस लावण्याचे लेखी आदेश भांडारपाल व तंत्रज्ञ या दोघांना एकाच कागदावर द्यावेत. वेगवेगळ्या कागदांवर दिल्यास दोघेही दुसऱ्याच्या कागदाची वाट पाहतील. सध्या त्या यंत्रावर नवी तुकडी बसली आहे. आज सकाळी दारातून पाहिले, त्यातल्या एका मुलीला झोका साधू लागला आहे आणि मास्तरांनी तिला शाबासकी दिली नाही. ती खट्टू झाली होती.

आपण बैठकीत आहात असे शिपाईदादांनी सांगितले. मी खोलीबाहेरच्या बाकावर बसले आहे. बैठक संपेपर्यंत बसेन आणि कार्यालय बंद करताना मला उठवावे लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आपल्या फोनची वाट पाहणारी,
नम्र,

(सही)
परीक्षा क्र. १७
शिकाऊ क्रेनचालक

सोबत :

१) माझे मूळ प्रमाणपत्र, गुण ९४. परत नको.

२) यंत्र क्र. १ वरील तीन गुणपत्रके, मास्तरांच्या सहीने.

३) दोन्ही कार्डांचा मिनिटवार तक्ता, आपल्याच कार्यालयाचा. अठराच्या आठ ओळींखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे, ती खोडता येते.

४) हात आणि पडदा यांच्या चित्रफिती, पेन ड्राइव्हवर. स्टिकर पूर्ण चिकटलेला असताना आणि कोपरा उचललेला असताना, अशा दोन.

५) परीक्षा क्र. १४ हिच्या निलंबन आदेशाची प्रत, तिच्या संमतीने.

६) 'गुण कमी मिळाल्याबाबत' छापील फॉर्म, खाडाखोडीसह.

७) वडिलांचे हेल्मेट, पिवळे. उजव्या बाजूस वीतभर ओरखडा आहे, तो पाहावा. पाहून झाल्यावर हेल्मेट कृपया आजच बाहेर बाकावर माझ्याकडे द्यावे. त्यांना ते उद्या सकाळी आठला लागणार आहे.